खात्यातून कापलेले शुल्क: कोणते परत मागता येते आणि शिल्लक कशी मोजावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी बदलल्यावर जुन्या बँकेतले पगार खाते तुम्ही दुचाकीच्या कर्जाचा हप्ता आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) यांसाठी चालू ठेवले, नव्या बँकेतून दरमहा त्यात पैसे वळवत राहिलात, आणि आता चार महिन्यांचे स्टेटमेंट काढल्यावर वेगवेगळ्या नावांनी एकूण ४,३९५ रुपये ५० पैसे कापले गेल्याचे तुमच्या लक्षात आले. शाखेत विचारल्यावर "सिस्टीम आपोआप कापते, आमच्या हातात काही नाही" एवढेच उत्तर मिळाले. ॲपमध्ये शिल्लक दिसत असताना हा 'ओव्हरड्राफ्टचा दंड' लागलाच कसा, आणि तो परत मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी अनेक वर्षे बँकेच्या शाखांमध्ये काम केले, त्यातली शेवटची शाखाधिकारी म्हणून, आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या व अनोळखी लोकांचे खातेउतारे तपासून त्यांना अर्ज लिहायला मदत करतो. या कामात एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. "माझे चार हजार कापले, ते परत द्या" अशी एकरकमी मागणी जवळजवळ नेहमी फेटाळली जाते, कारण त्या रकमेत बँकेने रास्तपणे घेतलेले आणि नियम मोडून घेतलेले पैसे एकत्र मिसळलेले असतात आणि त्यातल्या एका रास्त नोंदीकडे बोट दाखवून बँक संपूर्ण मागणी बाजूला ठेवू शकते. प्रत्येक नोंद सुटी करून, तिला लागू असणारा नियम शेजारी मांडून केलेली मागणी मात्र सहसा निष्फळ जात नाही.

म्हणून आधी तुमच्याच आकड्याची फोड करू. तुम्ही दिलेल्या नोंदींनुसार किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल तीन महिने प्रत्येकी ५९० रुपये, म्हणजे १,७७० रुपये गेले. हप्ता किंवा एसआयपी परत गेल्याबद्दल चार वेळा ५९० रुपये, म्हणजे २,३६० रुपये गेले. डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क २३६ रुपये, आणि एटीएममध्ये पुरेशी रक्कम नसताना पैसे काढण्याचा प्रयत्न केल्याबद्दल २९ रुपये ५० पैसे. यातला प्रत्येक आकडा मूळ शुल्क अधिक १८ टक्के जीएसटी असा आहे: ५०० चे ५९०, २०० चे २३६ आणि २५ चे साडेएकोणतीस. स्टेटमेंटमध्ये विचित्र वाटणारे आकडे दिसले की त्यांना १.१८ ने भागून पाहावे. मूळ रक्कम सरळ आकड्यात आली, तर ती नोंद बहुधा बँकेच्या दरपत्रकातल्या शुल्काची असते आणि दरपत्रकात शोधायला सोपी जाते.

यात खऱ्या अर्थाने ओव्हरड्राफ्टचे शुल्क एकही नाही, आणि हा फरक तुमच्या अर्जासाठी महत्त्वाचा आहे. अमेरिकेत खात्यात पैसे कमी असतानाही बँक अनेकदा व्यवहार पूर्ण होऊ देते आणि त्याबद्दल शुल्क लावते. तिथले बहुतेक वाद त्या शुल्काभोवती असतात. आपल्याकडे ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लकेपेक्षा जास्त पैसे काढणे, ही मंजूर करून घ्यावी लागणारी सोय आहे आणि तिच्यावर व्याज लागते. मंजुरी नसलेल्या साध्या बचत खात्यात पैसे कमी पडले, तर बँक हप्ता भरत नाही, तो परत पाठवते आणि परत पाठवल्याबद्दल शुल्क घेते. त्यामुळे 'ओव्हरड्राफ्ट दंड परत करा' असा अर्ज तुम्ही दिलात, तर "असा कोणताही दंड लावलेला नाही" हे शब्दशः खरे उत्तर तुमच्या हाती पडेल.

पुढे जे लिहितो आहे ते काही बाबींवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. तुमचे खाते आज कोणत्या प्रकारात मोडते, खाते उघडताना किंवा प्रकार बदलताना किमान शिल्लक किती ठरली होती, आणि बँकेकडे नोंदलेला तुमचा मोबाइल क्रमांक व ईमेल अजून चालू आहेत का, या तीन गोष्टी मला माहीत नाहीत. खाते नागरी सहकारी बँकेत असेल, तर तिला कोणत्या सूचना लागू आहेत ते वेगळे तपासावे लागेल, कारण पुढे ज्या परिपत्रकाचा उल्लेख येतो ते अनुसूचित व्यावसायिक बँकांना उद्देशून होते. खाते पतसंस्थेत असेल, तर दाद मागण्याची जागाच वेगळी आहे. तिथे सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावे लागते, बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नाही.

आता किमान शिल्लकेचा भाग, कारण परत मिळण्याची सर्वांत चांगली शक्यता इथे आहे. पगार खात्याला साधारणपणे किमान शिल्लकेची अट नसते, पण ती सवलत पगार जमा होत राहण्याशी जोडलेली असते. बहुतेक बँका सलग काही महिने, बऱ्याच ठिकाणी तीन महिने, पगाराची जमा दिसली नाही की ते खाते सर्वसाधारण बचत खात्यात वर्ग करतात. खातेधारकाला हे अनेकदा पहिले शुल्क कापले गेल्यावरच कळते. तुमच्या बाबतीत नोकरी बदलल्याची तारीख आणि पहिल्या कपातीची तारीख पाहता नेमके हेच घडलेले दिसते. आता सगळ्याच बँका असे शुल्क घेतात असे नाही. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरील सरासरी किमान शिल्लकेची अट काढली, आणि २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक यांनीही तशीच सूट जाहीर केली. किमान शिल्लक किती ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार मात्र रिझर्व्ह बँकेने बँकांवरच सोपवलेला आहे, त्यामुळे अट असणे हेच बेकायदेशीर आहे असा युक्तिवाद करू नका. तो टिकणार नाही.

टिकतो तो पद्धतीचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या परिपत्रकाने या शुल्काला चौकट घालून दिली. शिल्लक कमी पडल्यास बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने खातेधारकाला स्पष्ट कळवावे, ती भरून काढायला सूचनेपासून किमान एक महिना द्यावा, आणि त्यानंतरही तूट राहिली तरच शुल्क घ्यावे. शुल्क तुटीच्या प्रमाणात असावे, म्हणजे ठरलेली शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांच्यातील फरकाच्या ठरावीक टक्क्यांनी, योग्य टप्पे पाडून. आणि केवळ या शुल्कामुळे बचत खाते उणे शिल्लकेत जाऊ नये. बँकेकडून उत्तर मागायचे ते या तीन गोष्टींवर: सूचना कधी व कोणत्या क्रमांकावर पाठवली, महिनाभराची मुदत मिळाली का, आणि रक्कम तुटीच्या प्रमाणात आहे का.

रकमेचा मुद्दा तुमच्याच एका महिन्यावरून तपासून पाहू. बहुतेक बँका मासिक सरासरी शिल्लक मोजतात: रोज दिवसअखेर खात्यात जी शिल्लक उरते तिची महिन्याभराची बेरीज करून तिला त्या महिन्याच्या दिवसांनी भागतात. तुमच्या खात्यात ३० दिवसांच्या महिन्यात पहिले सहा दिवस साधारण १,५०० रुपये होते, सात तारखेला पैसे आल्यावर तीन दिवस २९,५००, मग सहा दिवस १४,०००, पुढचे दहा दिवस ५,००० आणि शेवटचे पाच दिवस पुन्हा १,५००. या सगळ्याची बेरीज २,३९,००० होते आणि सरासरी येते ७,९६७ रुपयांच्या आसपास. ठरलेली शिल्लक १०,००० असेल, तर तूट सुमारे २,०३३ रुपयांची, म्हणजे पाचव्या हिश्शाएवढी आहे. काही खासगी बँकांच्या दरपत्रकात 'तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यापैकी जे कमी असेल ते' अशी रचना असते. तुमच्या बँकेत तशीच असेल, तर शुल्क १२२ रुपये आणि जीएसटी धरून १४४ रुपये व्हायला हवे होते. कापले गेले ५९०. तुमच्या बँकेच्या दरपत्रकात टक्केवारीऐवजी टप्पे असतील, तर उत्तर वेगळे येईल, म्हणून अर्ज करण्यापूर्वी बँकेच्या संकेतस्थळावरचे त्या तारखेला लागू असलेले दरपत्रक उतरवून घ्या. आजचे दरपत्रक दोन महिन्यांपूर्वीच्या कपातीला लावून मोजणे, ही चूक मला अनेक अर्जांत दिसते.

सूचनेच्या मुद्द्यावर एक सावधगिरी बाळगा. नोकरी बदलताना तुम्ही कंपनीने दिलेला मोबाइल क्रमांक सोडला असेल आणि बँकेत तोच नोंदलेला असेल, तर बँकेने सूचना पाठवली होती असे सिद्ध होऊ शकते आणि 'मला कळवलेच नाही' हे म्हणणे कमकुवत पडते. त्या स्थितीत फक्त रकमेच्या प्रमाणाचा मुद्दा घ्यावा. क्रमांक तोच असेल आणि मेसेज आलेला नसेल, तर तीनही महिन्यांची पूर्ण रक्कम मागावी.

आता हप्ते परत जाण्याकडे येतो. तुमचा खरा गोंधळ इथे आहे: शिल्लक दिसत असताना हप्ता बाउन्स कसा झाला? ॲपवर जो मोठा आकडा दिसतो, तो अनेकदा खात्यातली एकूण रक्कम असते. वापरता येण्याजोगी रक्कम त्याहून कमी असू शकते. दोन्हींत फरक पडण्याची कारणे मला उताऱ्यांमध्ये नेहमी तीच दिसतात. आयपीओसाठी, म्हणजे कंपनीच्या नव्या शेअर्ससाठी, अर्ज केला असेल, तर त्याची रक्कम खात्यातच राहते, तिच्यावर व्याजही मिळते, पण वाटप होईपर्यंत ती अडवून ठेवलेली असते. जमा केलेला चेक अजून वटलेला नसतो. किंवा आधीचे एखादे शुल्क थकलेले असते. खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे बँकेने ते तेव्हा वसूल केलेले नसते, पण नोंदवून ठेवलेले असते आणि नवे पैसे जमा होताच आधी ते वळते होते.

हे शेवटचे कारण तुमच्या चार कपातींपैकी निदान पहिलीचे असावे असे मला वाटते. चार तारखेला तुम्ही हप्त्यापुरते मोजून पैसे पाठवलेत. त्याच रात्री किमान शिल्लकेचे ५९० रुपये त्यातून वळते झाले. पाच तारखेला सकाळी हप्त्याची मागणी आली तेव्हा काहीशे रुपये कमी पडले आणि हप्ता परत गेला. परत गेल्याचे आणखी ५९० नोंदले गेले, कर्ज देणाऱ्या कंपनीने आठ तारखेला तीच मागणी पुन्हा पाठवली, आणि तुम्ही मधल्या काळात शिल्लक केवळ हप्त्याएवढी होईल इतकीच भर घातलेली असल्यामुळे, ते ५९० वळते होताच तीही परत गेली. असे शुल्क एकमेकांवर चढत जाताना मी पुष्कळ उताऱ्यांत पाहिले आहे, आणि चांगल्या पगाराची, हिशोबी माणसेही त्यात सापडतात, कारण ती हप्त्याची रक्कम अगदी अचूक मोजून पाठवतात.

तारीख आणि वेळ यांनीही घात होतो. हप्ते वसूल करणारी नॅच यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सगळे दिवस चालते. त्याआधी पाच तारखेला रविवार आला, तर हप्ता सोमवारवर जाई आणि अनेकांना तो एक दिवस हाताशी मिळत असे; आता मिळत नाही. शिवाय मागण्यांच्या फाइल्स बऱ्याच बँकांत सकाळी लवकर चालवल्या जातात. हप्त्याच्याच दिवशी दुपारी तुम्ही पैसे पाठवले आणि संध्याकाळी ॲपमध्ये शिल्लक पाहिली, तर तो आकडा खरा असूनही सकाळी परत गेलेल्या हप्त्याला त्याचा उपयोग होत नाही. चेकच्या बाबतीतही ४ ऑक्टोबर २०२५ पासून सलग क्लिअरिंग सुरू झाल्यामुळे दिलेला चेक त्याच दिवशी खात्यातून वळता होऊ शकतो. चेक वटायला दोन दिवस लागतील या भरवशावर आता राहू नये.

यातले काय परत मागता येईल? परत जाण्याच्या त्या क्षणी खात्यात वापरण्याजोगी रक्कम खरोखर कमी असेल, तर शुल्क रास्त आहे आणि ते हक्काने मागता येणार नाही. पण ज्या किमान शिल्लकेच्या शुल्कामुळे ती कमी पडली, ते शुल्कच नियम मोडून घेतलेले असेल, तर त्याच्या पोटी लागलेले परतीचे शुल्कही मागावे, आणि अर्जात हा कार्यकारणसंबंध तारखा व शिल्लक देऊन दाखवावा. चारपैकी पहिल्या दोन नोंदींना हे लागू पडेल असे मला वाटते. तिसरी नोंद एसआयपीची आहे. फंड कंपनी त्याबद्दल सहसा दंड लावत नाही, पण तुमची बँक लावते, आणि त्या दिवशी खात्यात १,५०० रुपयेच होते, तेव्हा ती नोंद सोडून द्यावी. चौथ्या नोंदीच्या दिवशी तुमच्या म्हणण्याप्रमाणे पुरेसे पैसे होते. तिच्याबद्दल बँकेकडून लेखी माहिती मागा: मागणी किती वाजता आली, त्या वेळी वापरण्याजोगी शिल्लक किती होती, कोणती रक्कम अडवलेली होती आणि कोणत्या कारणाखाली हप्ता परत पाठवला. या चार गोष्टी बँकेच्या प्रणालीत नोंदलेल्या असतात, त्यामुळे "सांगता येत नाही" हे उत्तर स्वीकारू नका.

कर्ज देणाऱ्या कंपनीने तिच्याकडून वेगळे बाउन्स शुल्क आणि उशिराचा दंड लावला असेल, तो या वादापासून वेगळा ठेवा. त्याबाबत इतके लक्षात असू द्या की रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्जाची अट मोडल्याबद्दलचा दंड वाढीव व्याजाच्या रूपात आकारता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या खुलाशानुसार अशा दंडात्मक शुल्कावर जीएसटीही लागत नाही. कर्जखात्याचा उतारा मागवून त्यात हे झाले आहे का ते पाहा. तसेच हप्ता वारंवार परत जाऊ देऊ नका. चेक न वटल्यास जसे परक्राम्य संलेख अधिनियमाचे फौजदारी कारवाईचे कलम १३८ लागते, तसेच पुरेशा रकमेअभावी इलेक्ट्रॉनिक मागणी परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम २५ लागू होऊ शकते. एकदोन वेळा चुकलेला हप्ता लगेच भरणाऱ्या माणसावर ही वेळ सहसा येत नाही, पण वादापायी हप्ता थांबवून ठेवायचा विचार मनात असेल, तर तो सोडून द्या.

डेबिट कार्डाचे शुल्क दरपत्रकात असेल, तर ते देणे आहे. कार्ड नको असल्यास ते बंद करण्याचा अर्ज आजच द्या. एटीएमच्या साडेएकोणतीस रुपयांसाठी शक्ती खर्च करू नये.

अर्ज कसा लिहावा, हे अनेकजण विचारतात. लांब कहाणी लिहू नये. शाखेतल्या ज्या अधिकाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो त्याला तो दोन मिनिटांत वाचून घेता आला पाहिजे. तुमच्यासाठी मजकूर साधारण असा असावा: "माझ्या बचत खात्यातून अमुक तारखेला किमान शिल्लक न राखल्याबद्दल ५९० रुपये वसूल करण्यात आले. या वसुलीपूर्वी एक महिन्याच्या मुदतीची सूचना मला मिळालेली नाही. संबंधित महिन्याची सरासरी शिल्लक माझ्या मोजणीनुसार ७,९६७ रुपये असून तूट २,०३३ रुपये आहे. आकारलेली रक्कम तुटीच्या प्रमाणात नाही. सूचना पाठवल्याची तारीख, माध्यम व क्रमांक तसेच शुल्काची मोजणी लेखी कळवावी आणि नियमबाह्य वसूल झालेली रक्कम माझ्या खात्यात परत जमा करावी." त्याखाली दुसऱ्या परिच्छेदात परतीच्या शुल्काचा मुद्दा, आणि सोबत खुणा केलेला उतारा. जी नोंद बँकेच्या बाजूने रास्त आहे, तिच्यासाठी वेगळे, चार ओळींचे विनंतीपत्र द्या. पहिल्याच वेळचे शुल्क माफ करण्याचा काहीसा अधिकार शाखाधिकाऱ्याला किंवा त्याच्या वरिष्ठाला अनेक बँकांत असतो, आणि जुन्या ग्राहकाच्या नम्र विनंतीवर मीही तो वापरत असे. हक्क आणि विनंती एकाच कागदावर आल्या, की दोन्हींचे वजन कमी होते.

अर्ज शाखेत दिलात, तर पोच घ्या. ॲप किंवा ईमेलवरून दिलात, तर तक्रार क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तक्रार फेटाळली गेली किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली, तिला शुल्क नाही, आणि तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर नोंदवता येते. टपालाने किंवा ईमेलने आलेल्या तक्रारी चंदीगडच्या केंद्रात कोणत्याही भाषेत स्वीकारल्या जातात, म्हणजे मराठीतही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे केलेली तक्रार मात्र परत येते, आणि यातच लोकांचा बराच वेळ जातो.

इतक्या लहान रकमेसाठी हे सगळे करावे का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. माझे उत्तर ठामपणे हो असे आहे. सरकारने जुलै २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी किमान शिल्लकेच्या दंडापोटी पाच वर्षांत सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केले. ते असेच पाचशे-सहाशेच्या नोंदींतून जमलेले आहेत, आणि ते प्रामुख्याने अशाच लोकांकडून आले ज्यांच्या खात्यात आधीच पैसे कमी होते. दाद मागितल्याने काय होते, याचेही उदाहरण आहे. मूलभूत बचत खात्यांवर (ज्यांना किमान शिल्लकेची अट नसते) महिन्यातल्या चार व्यवहारांनंतर, यूपीआय आणि रुपे कार्डाच्या व्यवहारांवरही, प्रत्येक वेळी १७ रुपये ७० पैसे कापले जात होते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी आकडेवारी मांडून हा प्रश्न लावून धरला, आणि ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जानेवारी २०२० पासून अशा डिजिटल व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करण्यास बँकांना सांगितले. सतरा रुपयांची नोंद कोणीतरी नीट वाचली, म्हणून त्या तारखेनंतरचे पैसे परत आले.

राहिला शिल्लक कशी सांभाळावी हा प्रश्न. मेसेजवर विसंबू नका. काही बँकांनी लहान रकमेच्या यूपीआय व्यवहारांचे मेसेज पाठवणे थांबवले आहे, त्यामुळे मेसेजची बेरीज आणि खात्याची शिल्लक जुळत नाही. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे ॲपमधल्या लहान खर्चाच्या पाकिटात, भरलेले पैसे भरतानाच खात्यातून निघतात आणि सरासरीत धरले जात नाहीत. मी लोकांना एका वहीत किंवा मोबाइलमधल्या साध्या तक्त्यात तीन रकाने ठेवायला सांगतो: खात्यात असलेली रक्कम, आधीच बांधली गेलेली रक्कम, आणि मोकळी रक्कम. बांधलेल्या रकमेत महिन्याचे सगळे मॅन्डेट (हप्ता किंवा एसआयपी आपोआप वळती करण्याची बँकेला दिलेली परवानगी), दिलेले पण न वटलेले चेक, आयपीओसाठी अडवलेले पैसे आणि किमान शिल्लक, हे सगळे महिन्याच्या पहिल्याच दिवशी लिहावे. किराणा, पेट्रोल, हॉटेल हा खर्च फक्त तिसऱ्या रकान्यातून करावा. घरातली ज्वारी कणगीत असली तरी पेरणीचे बी बाजूला काढल्यावर जे उरते तेच दळायचे, तसा हा हिशोब आहे.

त्याहून सोपा उपाय म्हणजे दोन खाती वेगळी ठेवणे. एका खात्यातून केवळ हप्ते आणि एसआयपी जाव्यात. त्याला यूपीआय जोडूच नये. रोजचा खर्च दुसऱ्या खात्यातून करावा. हप्त्यांच्या खात्यात हप्त्याच्या बेरजेपेक्षा निदान हजार-दीड हजार रुपये जास्त राहतील आणि पैसे तारखेच्या दोन दिवस आधी पोहोचतील, अशी स्थायी सूचना नव्या बँकेत देऊन ठेवा. कर्ज देणारी कंपनी तयार असेल, तर हप्त्याची तारीखही पगारानंतर तीन-चार दिवसांवर सरकवून घ्या.

किमान शिल्लकेची अट असलेलेच खाते ठेवायचे असेल, तर महिन्याच्या मध्यावर एकदा सरासरीचा हिशोब करा. वरच्या उदाहरणात महिन्याची बेरीज तीन लाखांना ६१,००० ने कमी पडत होती. सोळा तारखेला हे लक्षात आले असते, तर उरलेले पंधरा दिवस सुमारे ४,०६७ रुपये जास्त ठेवून ती भरून निघाली असती. सव्वीस तारखेला त्यासाठी १२,२०० लागले असते. पण तुमच्या बाबतीत मी मुळात हे खाते त्याच बँकेत किमान शिल्लकेची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्यात बदलून घ्या, असे सुचवेन. त्या बँकेत तुमचे दुसरे बचत खाते असता कामा नये, एवढी अट त्याला आहे. ते जमत नसेल, तर दोन्ही मॅन्डेट नव्या पगार खात्यावर न्या, नव्या मॅन्डेटने एक हप्ता वळता झाल्याची खात्री करा आणि मगच जुने खाते बंद करा. बंद करण्याच्या अर्जापूर्वी वरची तक्रार नोंदवलेली असू द्या, कारण खाते बंद झाल्यावर उतारा मिळवणे आणि परतावा कुठे जमा करायचा हे ठरवणे, दोन्ही अवघड होऊन बसते.

बँकेचे लेखी उत्तर आले की ते आणि चौथ्या नोंदीच्या दिवसाचा उतारा पाठवा. लोकपालाकडे जाण्याइतका मुद्दा त्यात आहे का, हे ती वेळ आणि ती शिल्लक पाहिल्याखेरीज मी सांगू शकणार नाही.